बंद खोपीतलं गिरमिट

आयली निस्कानेनला आधी आला तो राग. भीती नंतर.

दिराने हातगिरमिटानं पाडून दिलेल्या भोकाशी ती उलट्या बादलीवर बसली होती. गळाची दोरी बोटाला गुंडाळलेली, खाली तळं, वर हातभर जाड बर्फ. आणि मागे, मासेमारीसाठी बर्फावरच उभारलेल्या लाकडी खोपीतून रूडीचं गिरमिट नुसतं बोंबलत होतं. बर्फाला भोक पाडायचं ते पेट्रोलवरचं यंत्र तिच्या नवऱ्याचा जीव की प्राण. आयलीने लग्नापासून त्याला बोट लावलं नव्हतं. ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण. अख्ख्या शाळेला जेवू घालणारी बाई, पण चोक कुठला नि प्लग कुठला हे तिला विचारू नये. "तुझं भांडं तू घास," ती रूडीला म्हणायची.

रूडी हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ लोटायची गाडी चालवायचा. उरलेल्या वेळात गावातली अडलेली गिरमिटं त्याच्या गॅरेजात येऊन पडायची. यंत्र आलं की तो आधी प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, कोरडा असेल तर पोचतच नाहीये. पण त्या आठवड्यात त्याचं स्वतःचंच गिरमिट रुसलं. गॅरेजात एका ओढीत सुरू व्हायचं. तळ्यावर पाती बर्फाला टेकली, जोर दिला, की भुस्स करून गप्प. त्याने जुनं पेट्रोल ओतून टाकलं, कार्बोरेटर उघडून फुंकला, सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी खरवडली. ढिम्म फरक नाही.

"आलं लक्षात," सकाळी कॉफी ढवळत तो म्हणाला. "गॅरेज उबदार. तिथे बेतून लावलेला पेट्रोलचा स्क्रू तळ्यावर कमी पडतो. थंड हवा जड, तिला पेट्रोल जास्त लागतं. ते बर्फावरच जुळवायला हवं."

"मग जुळव की. मला मासे हवेत, व्याख्यान नको."

सोबत रूडीचा धाकटा भाऊ लेनर्ड होता. तळ्यावर पोचले तर वारा असा, की रूडीच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुन्हा निसटून बर्फात पडायला लागला.

"आत चल ना, शहाण्या!" लेनर्ड ओरडला. "बोटं गळून पडली तर स्क्रू काय दातानं फिरवणारेस?"

दार उघडं राहावं म्हणून बादली लावून दोघं गिरमिटासकट खोपीत शिरले. तेवढं आयलीने पाहिलं. वाऱ्याने बादली कधी लोटली आणि दार कधी लागलं, ते कुणीच पाहिलं नाही.

आवाज चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मग तो एका जागी थांबला. मंद, एकसुरी, घरघर घरघर. ना चढ, ना उतार. मध्ये लेनर्डची बडबडही नाही.

"रूडी! आता बास की!"

घरघर चालूच. चांगला वॉलआय मासा गळाशी चाळवत होता, तो या आवाजाने गेला असणार, म्हणून ती तणतणतच उठली. दार फुगून बसलं होतं. तिने पाय लावून हिसका दिला आणि आतला धूर गरम फडक्यासारखा तोंडावर आला.

लेनर्ड उंबऱ्यापाशीच आडवा. पलीकडे भिंतीला टेकून रूडी, स्क्रू-ड्रायव्हर मुठीत, डोळे अर्धे उघडे. मधे गिरमिट उभं, आपलं चालूच.

"उठा रे! नाटकं पुरे झाली!" ती म्हणाली. हे दोघे भाऊ असली सोंगं काढण्यात पटाईत. लेनर्डच्या बुटाला तिने पायाने ढोसलं. बूट हलला आणि परत होता तिथे येऊन पडला.

रूडी तिच्याकडे पाहत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. रोज दुसऱ्यांच्या खोप्यांत जाऊन "शेगडीच्या धुरानं मराल" म्हणून बजावणारा तिचा नवरा!

गिरमिट बंद कसं करायचं? तिला ठाऊकच नव्हतं. दिसेल ते बटण दाबलं, काही होईना. शेवटी दोन्ही मुठी धरून तिने ते चालतं यंत्र उचललं आणि बाहेर भिरकावलं. श्वास कोंडून परत आत. लेनर्ड वाटेत होता. रूडीपर्यंत जायचं तर त्याला ओलांडायचं, आणि परतताना रूडीला त्याच्यावरून कसं ओढायचं? तिने लेनर्डचे खांदे धरले. ओढताना ती रूडीकडे बघत होती आणि ओरडत होती, "थांब, आले, आले मी!" मग रूडी. त्याच्या टाचा उंबऱ्यावर आपटल्या, तो आवाज तिच्या डोक्यातून नंतर कधी गेला नाही.

पलीकडच्या खोपीतले लोक धावले. अॅम्ब्युलन्स किनाऱ्यावर आली. लेनर्डला बर्फावरच ओकारी झाली आणि तो रडायला लागला. रूडी मात्र हॉस्पिटलात, तोंडावर ऑक्सिजन लावल्यावर, बऱ्याच वेळाने बोलला. म्हणाला, "स्क्रू जुळला होता."

आयली खुर्चीवर बसून होती. अंगातला कोट काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

रूडी वाचला. डोकेदुखी राहिली, बोलता बोलता शब्द हरवायचे, "ते... ते आपलं, कॉफी ढवळायचं" असं व्हायचं. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला तो पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा गंमत म्हणून सगळ्यांसमोर म्हणाला, "बायको माझी, आणि बाहेर काढलं आधी दिराला!"

टेबल हसलं. आयलीच्या हातातली हरणाच्या सॉसेजची बशी खाली पडून फुटली. शाळेत कुणी कधी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता; आज ती सगळ्यांदेखत हमसून रडत होती. "तो वाटेत होता, रूडी. तो वाटेत होता रे."

हशा जागीच विरला. लेनर्ड उठून तिच्याशेजारी येऊन बसला. रूडीने खाली बसून बशीचे तुकडे गोळा केले. "मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "मीही तेच केलं असतं. बोललो ते गाढवासारखं बोललो."

बर्फ वितळायला लागण्याआधी आयली स्वतःच गिरमिट घेऊन तळ्यावर गेली. रूडी सोबत, कानटोपीत गुरफटलेला.

"आधी बंद कसं करायचं ते दाखव," तिने बजावलं.

त्याने लाल बटण दाखवलं. ते बाजूला सरकवायचं होतं, दाबायचं नव्हतं. ती त्या बटणाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग तिने दोरी ओढली. उघड्या वाऱ्यात, बोटं बधिर होत असताना, रूडीच्या सांगण्यावरून स्क्रू केसभर डावीकडे फिरवला. जोर दिला. गिरमिट अडखळलं.

"अजून किंचित. किंचित म्हटलं, बाई, ताक घुसळतेयस का?"

"तू गप्प बस आणि ऐक."

पाती बर्फात उतरली. पांढरा भुगा भोवती उडाला, इंजिन दमलं नाही, आणि एकदम खालचं काळं पाणी वर उसळून तिच्या बुटांवर आलं. आयली दचकून मागे सरली. रूडीने तिला दंडाला धरून सावरलं. तिने लाल बटण बाजूला सरकवलं, इंजिन थांबलं, आणि दोघं गळ न टाकताच त्या भोकाशी उभी राहिली.