घट्ट बांगडीचं रडणं

चाची कधी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे. ती मनगट पाहायची. देऊळगाव राजातल्या आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी बांगड्यांची पेटी घेऊन यायची, आमच्या ओसरीवर पाय पसरून बसायची आणि समोर आलेला हात मांडीवर घ्यायची. "कशानं वाढली वं?" एवढंच विचारायची. सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. काही घरांत ती फारच वाढायची.

मी तेव्हा नवी सून, सातवी पास. सातवी पास म्हणजे गल्लीतली बॅरिस्टरच. महाराष्ट्राचं नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि महिला मंडळात एक भाषण ऐकल्यापासून मला वाटे, हे राज्य फक्त माझ्यावाचून अडलंय. नाती विचारतात, आजी तू हुशार होतीस का? फार. त्या हुशारीचीच ही गोष्ट.

शेजारच्या कमलला चाची नेहमी हातापेक्षा लहान मापाची बांगडी घेई. म्हातारीची नजर गेली, असं मला वाटे. एकदा बोललेच, "चाची, मोठं माप घ्या की. केवढी रडतेय ती."

"तू गप बस वो मास्तरीण," कमलचा पंजा दाबत चाची म्हणाली. "घट्ट बांगडीले वेळ लागते."

घट्ट बांगडी चढताना कुणीही रडतं. सासू दारात उभी असली तरी काही म्हणू शकत नाही, आणि बांगड्या भरताना पुरुष तिकडे फिरकत नाहीत. कमल मनसोक्त रडे, मध्येच चाचीच्या कानाशी पुटपुटे. चाची साबणाचं बोट फिरवत "हाव बेटा, हाव" म्हणत राही. मनगटावर डाग असला की तिचं बोट त्याला वळसा घालून जाई. हे माझ्या सातवी पास डोक्यात शिरायला चार-पाच खेपा लागल्या.

शिरल्यावर मी चाचीलाच धारेवर धरलं. "नुसतं ऐकता काय? तिला माहेरी जा म्हणून सांगा ना!"

"तिचा बाप दोनदा आणून सोडून गेला. माह्यापाशी तिच्यासाठी घर हाय का? हात हाय, तो देते. अन् पोरी, हे इथंच राह्यलं पाहिजे."

राहिलं नाही. पुढच्या खेपेला कमल हुंदके देत असताना तिच्या सासूनं दारातून विचारलं, "येवढी काऊन रडून राह्यली वं? बांगडीच हाय ना?"

मी उठले. मंडळातल्या बाई खोचत तसा पदर खोचला. "काकू, ती बांगडीनं नाही रडत. तुमच्या लेकाला विचारा." टाळ्यांची वाट पाहत होते की काय, देव जाणे.

चाचीचा हात थांबला. कमल माझ्याकडे बघेना. "बांगडीच घट्ट हाय, आत्याबाई," ती घाईघाईनं म्हणाली. "खरंच, बांगडीच घट्ट हाय."

त्यानंतर कमल आमच्या ओसरीवर आली नाही. सासूनं तिला बाजारातून मोठ्या मापाच्या बांगड्या आणल्या. त्या आपोआप हातात जात. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. भिंतीपलीकडून त्या सैल बांगड्या वाजायच्या. कधी एकदम, खूप. मी चुलीपाशी बसून ऐकायची. तेव्हा पदर खोचायला हात उठला नाही.

दोन वर्षांनी कमल गेली. ताप होता म्हणाले. आम्हीही ताप म्हणालो.

सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरायला चाचीला बोलावलं. कुणीतरी म्हणालं, "मोठं माप घाल, लवकर आटपेल." चाचीनं लहान माप काढलं. साबणाचं बोट फिरवत, डागांना वळसा घालत ती एकेक बांगडी चढवत राहिली. "हाव बेटा, हाव," म्हणत.

पुढेही वर्षानुवर्षं ती येत राहिली. मला मात्र नेहमी सैल बांगडी घालायची. माझी आई गेली त्या महिन्यात मीच म्हटलं, "चाची, आज लहान माप घ्या."

तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुले कशाले?" ती म्हणाली. "तू तं बोलून मोकळी होतेस."