चाचांनी बिघडवलेला सूर

पेटीवाले चाचा. त्यांचं नाव आधी, बाकीचं मागून. कारण ते नसते तर मी आज कोल्हापुरात नसतो आणि शाहूपुरीतल्या शेठजींच्या मोटारीचं चाक माझ्या हाती नसतं. सबंध करवीर संस्थानात बेसुराशी असं उघड वैर धरलेला दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. लोकांची भांडणं बांधावरून होतात, पाण्यावरून होतात. चाचांची भांडणं विहिरीच्या रहाटाशी, दाराच्या बिजागरीशी आणि शेजारच्या कोंबड्याशी.

चाचा बाजाच्या पेट्या करत आणि दुरुस्त करत. नाटक मंडळ्यांच्या पायपेट्या, भजनकऱ्यांच्या हातपेट्या, सगळ्यांची औषधपाण्याची जागा एकच : गूळबाजारामागच्या बोळातली त्यांची खोली. पुढं पेट्या, मागं चाची आणि चूल. त्या बोळात कुणाचंही दार कुरकुरत नसे, कारण दर शुक्रवारी चाचा तेलाची बुधली घेऊन घरोघरच्या बिजागऱ्या भिजवून येत. "लोकांच्या दाराला तेल, आणि घरात फोडणीला थेंब न्हाय!" असं चाची आतून म्हणायच्या, आणि चाचा शांतपणे म्हणायचे, "बघा पावणं, रागावली तरी आवाज कसा जागेवर हाय." बोळात भाजी विकायला येणाऱ्या मावशीला त्यांनी एकदा भर उन्हात थांबवून घेतलं. "मावशे, शेवटाला आवाज असा पाडू नगंस. अर्धा सूर वर चढ की!" ती चढली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं त्या दिवशी पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. तेव्हापासून चाचांच्या घरी कोथिंबीर विकत आलेली नाही.

ईदेला आणलेल्या बोकडाची हकीकत तर साऱ्या पेठेला ठाऊक. बोकड दारात बांधला, तो ओरडला, आणि चाचांच्या हातातली कानस गळून पडली. "पंचम लावतंय बेणं! ह्याच्या मानंवर सुरी कशी धरू?" तो बोकड आज तिसऱ्या वर्षी दुकानाच्या खांबाला बांधलेला आहे. एखाद्या पट्टीविषयी संशय आला की चाचा त्याला हिरवी काडी दाखवतात आणि मागं घेतात. बोकड ओरडतो, चाचा मान डोलावतात आणि काम पुढं चालू होतं.

मी चंदगडकडचा. मराठी चौथीतच शाळा सुटली. पुढं बेळगावात एका साहेबाच्या मोटारीवर हात बसला आणि तेवढ्या विद्येवर इथं आलो. इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि आपल्या हातून काहीतरी चुकणार ही भीती मात्र रोजची. पहिल्याच दिवशी मोटार चाचांच्या दारात उभी केली, तर ते कानांवर हात ठेवून बाहेर आले. "पावणं, तुमच्या मोटारीला खोकला झालाय! काढा पाजा, न्हाय तर बंद करा!" मी इतका घाबरलो की बंद करायचं सोडून खाली उतरून पायाच पडलो. चाचा वरमले. "भ्यालेल्या माणसाचा आवाज चढा लागतो. आधी आत या, जेवा." त्या दिवसापासून माझं ताट तिथं पडलं. पण मी त्यांना पावणाच राहिलो. घरच्यासारखा झालो तरी हाक तीच.

मग मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा फुटला. जगभर पेटलेल्या लढाईमुळं नवा फुगा मुंबईतही मिळेना, आणि मिळाला तरी शेठजी घेणारे नव्हते. "तुला तोंड दिलंय न्हवं देवानं? वरड!" म्हणाले. मी ओरडलो. चार दिवसांत घसा बसला, चाचींनी सुंठ-गूळ दिला. पाचव्या दिवशी फौजदारांनी गाडी अडवून बजावलं, भोंगा नसेल तर मोटार रस्त्यावर आणायची नाही.

"असं?" चाचा म्हणाले. "मग तुमच्या मोटारीचा गळा मी बांधतो."

एका मोडक्या पायपेटीचा भाता, रॉकेलच्या डब्याचं नरसाळं आणि पेटीत वाऱ्यानं थरथरून सूर काढतात तसल्या, भंगारातल्या तीन पितळी जिभा. भाता माझ्या पायाखाली बसवला, नरसाळं पुढं दिव्याशेजारी. तीन दिवस चाचा आणि बोकड दोघं त्यावर राबले. चौथ्या दिवशी मी शेठजींना मागं बसवून निघालो आणि पाय दाबला. काय सांगू! नाटकाच्या आधी पडद्यामागून पेटी लागावी तसे तीन गोड सूर एकदम उमटले. समोरच्या गाडीचे बैल कान टवकारून उभे राहिले. पाण्याला निघालेल्या बायका घागरींसकट थांबल्या. एक म्हातारेबुवा कीर्तन सुरू झालं समजून रस्त्यातच मांडी घालून बसले. तालमीतून येणारा एक पैलवान मोटारीपुढं येऊन म्हणाला, "वा पावणं! पुन्यांदा एकदा!" मी जितका वाजवी तितकी गर्दी दाटे. गंगावेशीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला.

"ही मोटार हाय का नाटक कंपनी?" शेठजी गरजले. "परवा मला निपाणीच्या बाजाराला जायचंय. तवर लोक बाजूला झालं न्हाईत, तर मोटार फिरवून चालू करायचं हँडल माझ्याकडं ठेव आणि चंदगडची वाट धर."

गावी आईला मी कळवून बसलो होतो की मोटार माझ्या हाती आहे. तिनं ते गावभर सांगितलं होतं. आता काय तोंडानं परत जायचं? संध्याकाळी ताटावर बसलो आणि भाकरी नुसती कुस्करत राहिलो. शेवटी जीव मुठीत धरून बोललो, "चाचा, ते जरा... वाईट करता येईल का?"

चाचांनी ताट बाजूला सारलं. हात धुतले आणि उठून गेले. चाची हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कुणी ह्यांना वाईट करा म्हटलं न्हाय, बाबा."

सकाळी गेलो तर बोकड खांबाला नव्हता. "त्याला पलीकडच्या बोळात बांधलाय," चाचा म्हणाले, "त्याचा कान बिघडायला नगं." त्यांनी स्वतःच्या कानात कापूस घातला होता आणि पुढ्यात त्यांची स्वतःची पेटी उघडून ठेवली होती. तरुणपणी हातानं केलेली, रोज पहाटे वाजवायची ती. भंगारातल्या जिभांत जोर नाही, म्हणाले; बाकीच्या सुरांशी भांडायला दमदार सूर लागतो. त्या पेटीतली एक जीभ त्यांनी उपसली आणि तिच्यावर कानस धरली. एकदा घासली, थांबले. पुन्हा घासली. डोळे मिटलेले होते. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या." कापसामुळं त्यांना ऐकू गेलं नसावं.

निपाणीला निघालो त्या दिवशी बाजारात पाय दाबला. दारात अडकलेली म्हैस आणि तिचा मालक एकदम ओरडावेत असा आवाज निघाला. बैल वळले, बायका पळाल्या, आणि तोच पैलवान गुळाच्या ढेपांमागं जाऊन लपला. शेठजी मागं रेलून म्हणाले, "आता कशी मोटार वाटतीया!" हँडल माझ्याकडं राहिलं.

बोकड परत खांबाला आला. चाचा पुन्हा बिजागऱ्या भिजवत हिंडू लागले. पण घासलेली जीभ पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि तशा जिभा यायच्या परदेशातून. लढाई सुरू झाल्यापासून आगबोटी त्या आणत नाहीत. पहाटे मी मोटार पुसत असतो तेव्हा चाचांची पेटी ऐकू येते. त्या एका पट्टीवर बोट आलं की नुसता वारा सुटतो. चाचा ती पट्टी चुकवत नाहीत. बोट तिच्यावर ठेवतात आणि तेवढा सूर गळ्यानं भरून काढतात.

त्या बोळात मी भोंगा वाजवत नाही. तोंडानंच "हो बाजूला" म्हणतो. काल चाचा दारातून ओरडले, "वाजवा की पावणं! लाजताय कशाला, आपल्याच घरातला सूर हाय त्यो!" मला वाजवता आला नाही.

लढाई संपेल, आगबोटी येतील. त्या आल्या की मी मुंबईला जाईन, पेटीच्या बाजारात दुकानं पालथी घालीन, आणि तसलीच एक जीभ आणून चाचांच्या हातावर ठेवीन. खरी-खोटी मला कळायची नाही, म्हणून बोकडाला सोबत नेईन.