चाचांचं मस्कत

रत्नागिरीत गवत काढायला माणूस मिळत नाही म्हणून घरोघरी कुरकुर असते. गवत लावायलाच जन्माला आलेला माणूस मात्र साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या दगडी गडग्यापलीकडे राहत होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. उमेदीची वर्षं आखातातल्या बोटींवर इंजिनं सांभाळून ते परतले, तेव्हा लोकांना वाटलं, आता घरापुढे परदेशी लॉन येणार. चाचांनी कातळावरचं रानगवत आणून लावलं. फाटकाशी वाळा, पायरीलगत कुसळी, आणि इतरांकडे गुलाब असतात त्या कुंड्यांत, आपण ज्याच्यावरून चालत जातो असलं काय काय. त्यांच्याकडे चहाला गेलेला माणूस कपड्यांत दहावीस कुसळं घेऊनच परतायचा. तक्रार केली तर म्हणायचे, "झटकू नको बाय, घरी जाऊन पेर."

ज्या गवताचं नाव कुणालाच सांगता येत नसे, त्याला ते आपण पाहिलेल्या बंदराचं नाव देत. त्यात मस्कत फार लाडकं. वीतभर उंची, दसऱ्याला जांभळट तुरे, आणि दर पावसाळ्यात फक्त बियांतून उगवणारं. मालगुंडच्या वाटेवरच्या ज्या कातळी सड्यावरून त्यांनी बी आणलं, तिथे पुढे जांभ्या दगडाची चिरेखाण झाली. त्यामुळे मस्कत उरलं ते चाचांच्या अंगणातच. हे त्यांनी मला पन्नासदा सांगितलं होतं आणि मी पन्नासदा मान डोलावून विसरले होते.

एका वर्षी दसरा झाल्यावर ते महिनाभर बहरीनला मुलीकडे गेले. ते परतायच्या आदल्या दिवशी मला परोपकाराची हुक्की आली. माणूस इतक्या दिवसांनी घरी येतोय, अंगण कसं लख्ख हवं, म्हणून ग्रासकटरवाल्याला बोलावून मी सगळं साफ करून घेतलं. कापलेलं गवत वाया कशाला, म्हणून आमच्या आंब्याच्या कलमांच्या बुडाशी पसरायला लावलं.

चाचा रिक्षातून उतरले आणि बॅग हातात धरूनच उभे राहिले. मस्कतच्या जागी नुसती तांबडी माती. मला ते पन्नास वेळचं सांगणं एकदम आठवलं. "बाकीच्याची मुळां हायत, येल परत," ते हळूच म्हणाले. "मस्कत गेला." मग माझा चेहरा पाहून उलट माझीच समजूत घातली आणि चहा करून पाजला.

पुढल्या पावसाळ्यात आमच्या कलमांखाली काहीतरी दाट उगवलं. दसऱ्याला ते जांभळं झालं. मी गडग्यावरून हाक मारली. चाचा आले, गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिले. बी पिकल्यावर रुमालात निम्मंच घेतलं. मी सगळं न्या म्हणाले.

"निम्मा तुझ्याकडं राहूंदे," ते म्हणाले. "एकाच घरात ठेवला, ती चूक माझी."

आता चाचा कायमचे बहरीनला असतात. त्यांच्या अंगणात भाडेकरूंनी फरशी घातली आहे. दसऱ्याला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, मी फोन तुऱ्यांपाशी धरते. इतकी मोठी चूक पोटात घालून वर आपली ठेव माझ्याच हाती सोपवणारा शेजारी मला मिळाला, हे माझं भाग्य. आमच्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाला मी कागदाच्या पुडीत चिमूटभर मस्कत देते. घ्या म्हणते, आणि घरी जाऊन पेरा.