चुकायचा हक्क

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या बाजारात गूळ पारखत उभी होते. फोन सागरचा होता, नानांनी घडवलेल्या गोलकीपरचा. "बाई, नाना गेलं," एवढंच बोलला. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हातात चवीला घेतलेला गुळाचा खडा तसाच होता. मी तो तोंडात टाकला आणि मग त्या भर बाजारात रडले. आता महिना उलटून गेलाय. रडू ओसरलंय. नानांची आठवण आली की हसूच जास्त येतं, आणि त्यांनाही ते आवडलं असतं.

नाना आष्ट्याचे. घरचा ऊस, पण उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली आणि तिथेच फुटबॉल अंगात भिनला. सुभेदार होऊन परतले आणि सांगलीत कृष्णेकाठच्या मैदानावर पोरं गोळा करायला लागले. तालमीच्या मुलखात चेंडूला लाथा मारायला शिकवणारा माणूस म्हणून लोकांनी आधी चिक्कार टिंगल केली. नाना स्कूटरला चेंडूंची जाळी बांधून आष्ट्याहून येत राहिले. मी गणिताची निवृत्त शिक्षिका, खेळाशी माझा काडीचा संबंध नाही. एके दिवशी ते थेट माझ्या दारात उभे. "आवं बाई, पोरं फोनवर मॅच बघत्यात आन् तितंच पैसं लावत्यात. कोण जितणार, पयला गोल कोण मारणार… लय वंगाळ नाद हाय. तुमी गणिताच्या न्हवं? मग चला मैदानावर." चहा पिऊन होईस्तोवर मी हो म्हणून बसले होते. ऑफसाइड म्हणजे काय, हे ते मला पुढे किती वर्षं समजावत होते. मला ते अजून कळलेलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

मी फळा नेला, संभाव्यता शिकवली. निम्मी पोरं पेंगली. मग मला युक्ती सुचली. सरावानंतर नाना पोरांना शेंगदाणे आणि गूळ द्यायचे. मी म्हटलं, या शेंगदाण्यांवरच पैज लावू. कोण गोल मारेल ते पोरांनी सांगायचं, नानांनी ॲपवाला व्हायचं आणि प्रत्येक डावात आपला वाटा आधी काढून घ्यायचा. थोड्याच वेळात पोरांच्या मुठी रिकाम्या आणि नानांच्या पुढ्यात शेंगदाण्यांचा ढीग. नाना मांडी घालून एकेक दाणा चावत होते आणि भुकेजलेली पोरं बघत होती. मी जाम खूश! पुढच्या रविवारी जाऊन बघते तर मोठी पोरं झाडाखाली ॲपवाली होऊन बसलेली आणि धाकट्यांचे शेंगदाणे लुटतायत. मी रागानं लाल झाले. नाना मात्र ठसका लागेस्तोवर हसले. "बाई, तुमी लयच भारी शिकवलंसा की!"

पण सागरच्या वेळी ते हसले नाहीत. सागर दहिवडीकडचा. वडील मुंबईत कामाला, आजोबांची मेंढरं, आणि हा सांगलीत मामाकडे राहून शिकणारा. गोलकीपर असा की नाना म्हणायचे, ह्यो राज्याकडनं खेळणार. आष्ट्यातल्याच एका स्पर्धेत अगदी सोपा चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि आमचा संघ हरला. तो परदेशी सामन्यांवर ॲपमधून पैसे लावतो हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "इकला रं, इकला!" झालं. यानं पैसे खाऊन सामना विकला असंच सगळ्यांनी धरलं आणि परतताना टेम्पोत त्याच्या शेजारी कुणी बसेना. तो शपथा घेत होता, पण ऐकणार कोण? रविवारी तो हातमोजे परत करायला आला. म्हणाला, "फुटबॉल बंद, नाना. आजोबाची मेंढरं राखतो."

नानांनी सगळ्यांना खाली बसवलं. "बॉल समद्यांच्या हातनं सुटतुय," ते म्हणाले. "खेळणाऱ्याला चुकायचा हक्क असतुय, गड्यांनो. पण खेळावर पैसं लावलं की त्यो हक्क जातुय. मग तुमी नुसतं चुकला तरी लोक म्हणत्यात, इकला. पैसं परत मिळतील रं… ह्यो हक्क मिळवाय लय येळ लागतुय." आणि हातमोजे सागरच्या मांडीवर ठेवले. "ऊठ. गोलात हुबा ऱ्हा." त्या दिवशी एकही पोर पेंगलं नाही. माझ्या फळ्याला जे जमलं नव्हतं ते या चार वाक्यांत झालं, आणि खरं सांगते, मला त्याचा अजिबात हेवा वाटला नाही.

सागरचा नाद काही एका दिवसात सुटला नाही. ॲप काढायचा, परत घ्यायचा. नुसत्या निर्धारानं भागत नाही हे कळल्यावर नाना त्याला समुपदेशकाकडे घेऊन गेले. तो आत, आणि हे बाहेर बाकावर पेपर वाचत. असं बरेच महिने चाललं. हळूहळू टेम्पोत त्याच्या शेजारची जागा भरायला लागली. राज्याकडून काही तो खेळला नाही, पण आज आमच्या गोलकीपर पोरांना तोच शिकवतो.

मैदानाच्या कडेला साहित्य ठेवायची एक खोली आहे. नाना असेपर्यंत दर रविवारी नवी पोरं तिथे चटईवर बसायची आणि नाना बोलायचे. गेल्या रविवारी सागर बोलला. त्यानं स्वतःचीच गोष्ट सांगितली, नाव न लपवता, आष्ट्याच्या त्या गोलासकट. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर एका पोरानं विचारलं, "मग सर, त्यो बॉल खरंच सुटला व्हता, का…?"

सागर जराही रागावला नाही. "खरंच सुटला व्हता," तो म्हणाला. "पण नानांनी मला ते कवाच इचारलं न्हाई."