घासून चमकवलेला पाईप

मंडळी, मागच्या आठवड्यात आजोबांच्या लाकडी पाईपचा फोटो टाकून ‘हा कोणी घडवला असेल?’ असं इथं विचारलं होतं ना? तो घडवणारा आज सापडला.

आजोबा पन्नासच्या दशकात चिचगडला जंगलखात्यात नाकेदार होते. ग्रुपमधल्या एकांनी कळवलं, तिथल्या एका आजींचे वडील असे पाईप कोरायचे. म्हणून आज सकाळीच सडक अर्जुनीहून गाडी काढली.

आजींनी पाईप हातात घेतला आणि बुडाशी अंगठा फिरवत राहिल्या.

"बाबू, येथं तं काहीच नाई. माहा बाबा हर पाईपवर तापल्या सुईनं खूण करे. लिवता येत नोहोतं त्याले. माह्या हनवटीवरचं गोंदण हाये ना, तसंच."

मी वर पाहिलं. हनवटीवर तीन हिरवे ठिपके.

असेच तीन काळे ठिपके पाईपच्या बुडाशी होते. मला ते जळल्याचे डाग वाटले. फोटो छान यावा म्हणून पॉलिश पेपर मारून मीच ते घासून काढले. तुम्हीही लिहिलंत, काय चमक आहे!

"मंग हा माह्या बाबाचा नोहे," म्हणत आजींनी पाईप परत दिला. "त्याच्या हातचं घरी काहीच नाई उरलं. वाटलं होतं, हा तरी असंन."

आणि मी? चहा प्यायलो, पाईप खिशात घातला आणि निघून आलो.

उद्या परत जायचं म्हणतोय. पण आधी काय सांगू? पाईप तुमच्या बाबांचाच आहे हे, की ते ठिपके कोणी पुसले हे?