वाफबाई

मीटिंगमध्ये वाफबाई कधी खुर्चीवर बसत नसत. गुळगुळीत टेबलाभोवती सगळे साहेब ऐसपैस स्थिरावलेले आणि बाई हेल्मेट काखेत धरून भिंतीशी उभ्या. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, “बसलं की माणूस लवकर ‘हो’ म्हणतो.” मग कारखान्याचे धाकटे मालक मान खाली घालून पाण्याचा ग्लास उगाच सरकवत.

शहाद्याहून प्रकाशाकडे जाताना आमचा कारखाना लागतो. सरकीचं तेल आणि मक्याचा स्टार्च ही तिथली मुख्य कामं. तेल तापवायला वाफ, स्टार्च सुकवायला वाफ. ती थांबली की सगळंच थांबलं. बाई बॉयलर हाऊसच्या प्रमुख. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या, शिकून इंजिनियर झालेल्या. आडनावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. कामगारांनी ‘वाफबाई’ नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

मी लोणखेड्याच्या कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वाफेच्या मोठ्या पाइपखालून कारखानाभर हिंडवलं. कुठे फुसफुस ऐकू आली की थांबत आणि फिटरला तिथल्या तिथे बोलावून घेत. साहेबलोकांशी त्या शुद्ध मराठीत बोलत. जीव लावलेल्या माणसाशी किंवा चिडल्यावर मात्र सरळ अहिराणीत. “ऐक माय,” त्या मला म्हणाल्या, “वाफ डोयाले दिखत नही, म्हनीसन साहेबलोक तिना इचार सगयास्ना शेवटे करतस.”

तसंच झालं. धाकट्या मालकांनी ग्लुकोजचा नवा विभाग काढायचं ठरवलं. इमारत, यंत्रं, रस्ते, सगळ्याचे नकाशे आधी झाले आणि पुढच्या काळात एवढी वाफ कुठून आणायची हा प्रश्न अगदी शेवटी आला. बाहेरून आलेल्या सल्लागारांनी सोपं उत्तर दिलं: जुने बॉयलर मोडीत काढा, कोळशावर चालणारा एकच प्रचंड बॉयलर बसवा, राख मागच्या नाल्याकाठी टाका.

“दरवर्षी बॉयलर थंड करून सरकारी तपासणी करावी लागते,” बाई भिंतीशी उभ्या राहूनच म्हणाल्या. “तेव्हा काय फुंकणीनं वाफ देऊ? टाक्यांतलं स्टार्चचं दूध आंबून जाईल.”

“थोडं नुकसान सोसू,” धाकटे मालक म्हणाले.

“आणि राख? तो नाला केळीच्या बागांमधून तापीत जातो. ते नुकसान कुणी सोसायचं?”

त्यांच्याकडे स्वतःची योजना होती. मध्यम आकाराचे दोन बॉयलर, एक थंड असला तरी दुसरा चालू. जळण म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि मक्याची रिकामी कणसं. दर उन्हाळ्यात आमच्याकडचे शेतकरी पऱ्हाट्या बांधावर पेटवूनच देतात.

“पऱ्हाट्या कोण गोळा करत बसणार, मॅडम?” धाकटे मालक म्हणाले. “कोळसा फोनवर येतो.”

“फोनवर येतो तो फोनवर थांबतोही.”

मालक हसले नाहीत. विभागप्रमुख म्हणून बाईंची संमती हवी होती. बाईंनी ती दिली नाही. “बॉयलर तुमचा आहे, तुम्ही बसवा. माझं नाव त्यावर नको,” एवढं बोलून त्या बाहेर पडल्या आणि नेहमीसारख्या पाइपखालून चालत गेल्या.

मग विस्तारासाठी जनसुनावणी लागली. कारखान्याच्या मैदानात मांडव, समोर सरकारी अधिकारी, एका बाजूला आम्ही कर्मचारी, दुसऱ्या बाजूला तापीकाठचे शेतकरी. तळोद्याकडून जीप भरभरून आलेले आमचे कंत्राटी मजूर मागे उभे. सल्लागारांनी पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली. राखेचा विषय एका वाक्यात उरकला. कुणाला काही विचारायचंय का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा आमच्या रांगेतून बाई निघाल्या, मधली मोकळी जागा ओलांडून शेतकऱ्यांच्या बाजूला गेल्या आणि तिथून माईक मागितला.

“आपण कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी या कारखान्याची वाफ सांभाळते,” त्या म्हणाल्या. मग शेतकऱ्यांकडे वळल्या. “हाई राख तुमना केळीसवर पडी. मालकले बी माहीत शे, माले बी माहीत शे. आते तुमले बी माहीत व्हयनं.”

एक म्हातारे शेतकरी काळजीनं म्हणाले, “बाई, तुमनी नोकरी जाई ना!”

“जाऊ द्या बाबा. मन्हं वावर शे.”

आणि मग सगळे एकदमच बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी बाईंना गेटवरच अडवलं. वॉचमन बिचारा डोळे वर करेना. बाईंनी हेल्मेट त्याच्या हातात दिलं, “पुसून ठेव, कामाचं आहे,” म्हणाल्या, आणि पायीच रस्त्याला लागल्या. बॉयलर हाऊसमधले कामगार कुंपणाशी येऊन उभे राहिले. बाईंनी कुणाला हात केला नाही. मान मात्र ताठ होती.

लोकांच्या हरकती इतक्या आल्या की कोळशाची परवानगी लटकली. ग्लुकोजची यंत्रं ताडपत्रीखाली पडून राहिली. अखेर मालकांनी दोन बॉयलरची, पऱ्हाट्यांची योजना बाहेर काढली, आणि बाईंना परत बोलवायला माणूस पाठवला. बाईंनी आपल्या केळीच्या बागेतूनच उत्तर दिलं, “आत होते तेव्हा ऐकायचं होतं. आता मी बाहेरच बरी.”

नव्या बॉयलरांच्या उद्घाटनाला मात्र आल्या. स्टेजवर शाल-नारळ तयार होता. बाई स्टेजकडे न पाहता थेट बॉयलर हाऊसमध्ये शिरल्या. दोन्ही बॉयलरभोवती फिरून झाल्यावर पलीकडच्या दारातून बाहेर आल्या, तर तिथल्या रिकाम्या जमिनीवर माळी गुलाबाचे वाफे आखत होता. मागोमाग शाल घेऊन धाकटे मालक धावत आले.

“इथं काय करताय?” बाईंनी विचारलं.

“बाग, मॅडम. पाहुण्यांसाठी,” मालक म्हणाले.

“नाही. ही तिसऱ्या बॉयलरची जागा. आज लागणार नाही, तुमच्या मुलांना लागेल. वाढायचं असेल तर जागा आधी सोडायची असते.” शाल तशीच मालकांच्या हातात राहिली. बाई गेटबाहेर पडल्या त्या परत कधी आल्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात आपल्या केळीच्या बागेतच त्या वारल्या.

आता बॉयलर हाऊस माझ्याकडे आहे. तिसऱ्या बॉयलरच्या त्या जागेवर कुणाला पार्किंग हवं असतं, कुणाला कँटीन. परवा नवे मॅनेजर नकाशा घेऊन आले, त्या मोकळ्या चौकोनावर पेन टेकवून म्हणाले, “एवढी जागा वाया कशाला घालवायची?”

“वाया नाही,” मी म्हटलं. “भरलेली आहे.”

त्यांनी पेन उचललं.