सासूबाईंचा उजवा खांदा

मी वाईट वागले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी मला समजून घेण्याच्या भानगडीत पडायला नको.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. कोपरखैरण्याला सिडकोच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मी, नवरा आणि सासूबाई. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात कामाला होते. एकदा माझी आई साताऱ्याहून यायची होती, म्हणून सासूबाई माळ्यावरची गादी काढायला स्टुलावर चढल्या. स्टूल सरकलं, त्या उजव्या हाताने माळ्याच्या कडेला क्षणभर लोंबकळल्या आणि खाली आल्या. हाड शाबूत राहिलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या, "हिने मला माळ्यावर चढवलंन्." मी चढवलं? मी तर तेव्हा ऑफिसात होते! पण त्यांच्या तोंडाला कोण लागणार.

खरी पंचाईत केसांची झाली. साठी उलटली तरी सासूबाईंचे केस कमरेखाली होते, आणि काळे. रोज आरशात न बघता त्या घट्ट अंबाडा घालायच्या. आता हात मागे जाईना, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत आम्ही एकमेकींच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. "केवढं ओढतेस गो!" त्या म्हणायच्या. ओढायचीच मी. गुंता नसला तरी ओढायची. तिकडे आठची बस चुकत असायची आणि इकडे ह्यांचं चालू, "सैल झालाय, परत घाल."

मुंबईच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की खांद्याचा स्नायू हाडाला धरून ठेवणारी दोरी तुटली आहे. दुर्बिणीतून शिवता येईल, तेव्हा ते नवीनच होतं. चिरफाड नाही, तीन लहान भोकं. "शिवण टिकेलच असं नाही, ह्या वयात दोरी विरलेली असते," ते म्हणाले. सासूबाईंनी एकच विचारलं, "मला माझे केस मला विंचरता येतील?" डॉक्टर हसले, म्हणाले, प्रयत्न करू. त्या लगेच तयार झाल्या. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझी सकाळ मोकळी होणार होती.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर बोलावून बजावलं. सहा आठवडे हात झोळीत. त्यांनी स्वतःहून हात उचलायचा नाही, म्हणजे नाहीच. सकाळ-संध्याकाळ तुम्ही त्यांचं मनगट आणि कोपर धरायचं आणि हात हळूहळू वर न्यायचा, वीस वेळा. त्यांनी अंग सैल सोडायचं.

सैल! सासूबाई आणि माझ्या हातात सैल! त्या लाकडासारख्या ताठ व्हायच्या, डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायच्या. मी मनात आकडे मोजायची आणि बारा झाले की वीस म्हणायची. दुखणं तर पहिल्या पंधरवड्यातच गेलं होतं. बिल्डिंगमधल्या बायका यायच्या, खांद्यावरचे तीन ठिपके बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, एवढंच?" मलाही वाटायला लागलं, एवढंच तर आहे. माझा साधा अपेंडिक्सचा व्रण ह्याच्या चौपट मोठा होता, आणि मी आठव्या दिवशी धुणं धुतलं होतं. ह्यांचे मात्र लाड.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी चपला घालता घालता म्हटलं, "आई, डॉक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, आता तुमचा तुम्हीच व्यायाम करा."

फोनबिन काही आला नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "असं म्हणाले?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि झोळी काढून गादीवर ठेवली.

पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांच्यासारखी खूश बाई कोपरखैरण्यात नव्हती. रोज हात थोडा वर. कुणी भेटायला आलं की लगेच करून दाखवायच्या. एक दिवस मी आंघोळ करून आले तर त्या पलंगावर बसलेल्या, घाम फुटलेला, ओठ दाताखाली, आणि डोक्यावर अंबाडा. वाकडाच, पण त्यांनी स्वतः घातलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा, मिळेल तुला बस." मला राग आला. का, ते सांगता येणार नाही, पण आला.

मग पुढच्या आठवड्यात फणी पडली. परत उचलली, परत पडली. दुखत काहीच नव्हतं, फक्त हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. परत तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडात धरली. शिवलेलं सुटलं होतं, कड आत ओढली गेली होती, परत शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "स्वतःहून हात उचलत होतात का?" त्यांनी विचारलं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. डॉक्टर म्हणाले, सगळं पाळूनही कधी कधी सुटतं, दुखत नाही हे नशीब समजा. मी ते पहिलं वाक्य घट्ट धरून घरी आले. नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं.

परत रोजची फणी माझ्याकडे आली. दोन महिने मी काढले. मग एका रविवारी सकाळी म्हटलं, "आई, कापूया का? मानेपर्यंत. तुम्हालाही सोपं." मला चांगलं माहीत होतं मी काय विचारतेय. त्यांच्या लहानपणी घरात एक विधवा आत्या होती, तिचं डोकं दर महिन्याला न्हावी येऊन भादरायचा, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी सगळं सोडलं, पण केसांना कुणाला हात लावू दिला नव्हता. तरी मी विचारलं.

"काप," त्या म्हणाल्या.

मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि शिवणाची कात्री आणली. एवढे केस एकदम कापले जात नाहीत, चार-पाचदा कात्री चालवावी लागली. निम्मे झाल्यावर त्या समोर बघतच बोलल्या.

"फोन आला नव्हता, ते मला तेव्हाच कळलं होतं गो. त्या व्यायामवाल्या बाईने मलाही बजावलं होतं, सहा आठवडे हात उचलायचा नाही म्हणून."

माझी कात्री थांबली. "मग उचललात कशाला?"

"सकाळ-संध्याकाळ तू अंगाला हात लावणार. त्यापेक्षा म्हटलं, सुटलं तर सुटलं."

त्यांनी मान खाली घातली. "थांबलीस काय? उरलेले काप. आणि मानेवरचे झटक, टोचतायत."

मी उरलेले कापले आणि मानेवरचे झटकले, हाताने.